शिसवाशिवाय पट्टी नाही

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाचीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावर असल्यामुळे तुम्हाला पाय मागे घेता येणार नाहीत. म्हणूनच तर पत्र लिहायला बसले.)

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमची खुशाली मामीकडून फोनवर कळते. तुमच्याकडून कळत नाही, कारण मी फोन केला की तुम्ही झोपलेले असता. सकाळी दहाला झोपलेले, दुपारी चारला झोपलेले, आणि गेल्या मंगळवारी तर मामीच्या मागून खणखणीत आवाजात "सांग तिला, मी झोपलोय" असं सांगून झोपलेले. गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेता, की मामीला त्या चुरून जेवणात मिसळाव्या लागतात? मामी सांगत होती, तुम्ही ताईच्या घरातली दारं, कपाटं आणि जेवायचं टेबल बोटाच्या पेराने टकटक करून, कान लावून ऐकत बसता, आणि जावईबापूंना वाटतं की तुम्ही वाळवी शोधताय. सासरे आपल्या घराची एवढी काळजी घेतात म्हणून ते अगदी गहिवरलेत म्हणे. त्यांचा गैरसमज दूर करू नका. पण मला कळतं तुम्ही काय ऐकताय ते. गिटारी घडवणाऱ्या माणसाच्या हातात चार महिने रंधा नाही, तर तो टेबलाशी तरी बोलणारच.

आता भांडणाबद्दल. (लिहिणार नव्हते, पण ते ओलांडल्याशिवाय पत्र पुढे सरकत नाहीये.) मी एका गिटारच्या दांडीवर, तारांखाली, कागदाची पट्टी लावली, हे खरं आहे. कागदाची हा तुमचा शब्द. कागदाचे थर रसायनात भिजवून, दाबून, भाजून त्याची इतकी टणक फळी करतात की माझ्या दोन पटाश्या बोथट झाल्या. ती फुगत नाही, आकसत नाही, आणि ज्याची गिटार होती तो माणूस खूश होऊन गेला. पण तुम्ही ती पट्टी नखाने खरवडलीत, वास घेतलात, आणि म्हणालात, "कागदावर गाणं लिहितात, वाजवत नाहीत." मग एप्रन काढून खुंटीला लावलात, "शिसवाशिवाय पट्टी नाही, आणि शिसव संपलं तर मीही संपलो" असं भर दुकानात जाहीर केलंत, आणि मामीला घेऊन ताईकडे गेलात ते गेलातच. मीही काही कमी नाही. म्हटलं जाऊ देत, दोन दिवसांत राग उतरेल आणि येतील. ते दोन दिवस अजून चालू आहेत. एप्रनला मी हात लावत नाही. परवा फक्त झटकला, कारण त्याच्यावर कोळी राहायला आला होता.

मास्तरांची गिटार दुकानात आली नसती तर मी अजून चार महिने तोंड फुगवून बसले असते. मास्तर म्हणजे आपले संगीतशाळेतले मास्तर, ज्यांना तुम्ही एकतीस वर्षांपूर्वी गिटार करून दिलीत आणि जे तेव्हापासून भेटेल त्याच्यापुढे तिची दांडी धरून "ही पट्टी बघा, अस्सल शिसव" म्हणत फिरतात. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते शाळेतून निवृत्त होताहेत. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना अर्धा तास एकट्याने वाजवायचं आहे, आणि तेही याच गिटारवर. आता दांडीवर तारांखाली चिकटवलेली ही जेमतेम दीड फुटाची काळपट फळी, तिच्यावर एकतीस वर्षं रोज बोटं पडणार म्हटल्यावर तिचं काय होणार? खड्डे पडलेत, मामा. तिसऱ्या पडद्याच्या धातूच्या काडीशी तर एवढा खोल, की त्यात वाटाणा ठेवला तर घरंगळायचा नाही. पट्टी बदलायला हवी हे मास्तरांनाही पटलं. अट एकच घातली: नवी पट्टी शिसवीच हवी, मामांनी लावली होती तशीच, आणि लाकूड हातात आल्याशिवाय माझ्या गिटारला सुरी लावायची नाही. मग इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, मामा कुठे आहेत? मी म्हटलं, झोपलेत.

अशी मी शिसव शोधायला निघाले. आपला वखारवाला आधी हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. खरं शिसव आता तोडायला परवानगी, आणायला परवानगी, ठेवायला परवानगी, आणि एवढं करून जी फळी मिळते तिच्यापेक्षा तिची कागदपत्रं जड, असं त्याचं म्हणणं. तिथून मी जुन्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे एक कपाटाचं दार मिळालं, गडद, जड, देखणं. दुकानदार म्हणाला शिसवी आहे. आम्ही नवराबायको ते दार स्ट्रेचरसारखं आडवं धरून दोन गल्ल्या चालत आलो. (वाटेत एका बाईने आस्थेने विचारलं की घरात कोण आजारी आहे.) दुकानात आणून रंधा मारला तर दुसऱ्याच हाताला आतून पांढरंफटक, फळांच्या पेटीचं असावं तसं लाकूड बाहेर आलं. मी ते दार तसंच परत नेलं आणि त्या दुकानदाराला नको नको ते बोलले. तो बिचारा अजिबात चिडला नाही. म्हणाला, "बाई, मी काय खोटं बोललो? शिसवीच आहे की. शिसवी रंग. तुम्हाला सागवानी हवा तर उद्या मारून देतो." मामा, मी तिथल्याच एका स्टुलावर बसून हसले. (तेही स्टूल शिसवीच होतं. उठल्यावर माझ्या साडीवर उमटलं.)

तेव्हा नाइलाजाने पर्यायांकडे वळले. लगेच एप्रन काढायला जाऊ नका, तो आधीच खुंटीला आहे. दुकानात तीन जुन्या गिटारी धूळ खात पडल्या होत्या, त्यांच्यावर प्रयोग केले, मास्तरांच्या गिटारला हात लावला नाही. पहिला अक्रोड. दिसायला असा की कुणाचीही मान वळावी, रंधा असा चालतो की लोण्यातून सुरी, आणि तिथेच घोडं अडतं, कारण लोण्यावर तारा दाबायच्या नसतात. आठवडाभर मी रोज तासभर घासून वाजवलं (शेजारच्या शिंप्याने खिडकी लावून घेतली), तर तारांच्या रेघा उमटायला लागल्यासुद्धा. बांबूही आणला, दाबून चिकटवलेला. त्याला पडद्यांसाठी करवतीने खाचा पाडायला घेतल्या तर एकेक काडी सुटी होऊन उभी राहिली आणि हातात पट्टीऐवजी खराटा आला. आबनूस सुचवणारे पुष्कळ भेटले. पण ते शिसवाहून दुर्मिळ; त्याला पर्याय म्हणणं म्हणजे मीठ संपलं म्हणून केशर घालण्यासारखं आहे.

मग कुणीतरी सांगितलं की मेपल मंद आचेवर तासन्‌तास भाजला की त्याचा रंग तपकिरी होतो, ओल पार जाते आणि लाकूड वाकत नाही. हे काम कारखान्यात, हवाबंद भट्टीत करतात, हा वाक्याचा दुसरा अर्धा भाग सांगणाऱ्याने नंतर सांगितला. मी घरच्या ओव्हनमध्ये फळी तिरकी बसवली आणि दुकानात निघून आले. दुपारी आमचे हे घरी जेवायला आले. घरभर करपलेल्या साखरेचा वास. यांना वाटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, अखेर बायकोने आपल्यासाठी केक केला. हातात बशी घेऊन त्यांनी मोठ्या आशेने ओव्हन उघडला. पुढचं मी लिहीत नाही. भुवया आता परत आल्या आहेत, डावी जरा विरळ आहे. फळीचं म्हणाल तर ती केळ्यासारखी वाकली होती. दुसरी फळी मात्र नीट जमली, आणि तीच मी दुसऱ्या गिटारला लावली. तिसरीला काय लावलं ते तुम्ही ओळखलंच असेल. होय, कागद. लावला. रागवा.

आता खरं सांगायचं ते सांगते, आणि ते सांगताना मला मुळीच गंमत वाटत नाहीये. मी मास्तरांना दुकानात बोलावलं. म्हटलं डोळ्यांनी निवडू नका, कानांनी निवडा. त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. तीन माझ्या गिटारी आणि चौथी त्यांची स्वतःची, तारा नव्या चढवून, जेणेकरून खऱ्या शिसवाशी ताडून बघता येईल. हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की चारांत एक शिसवाची आहे, ओळखा. मग तेच चार सूर मी चारही गिटारींवर वाजवले. (मी वाजवते म्हणजे काय ते तुम्ही जाणता. पण अन्याय चौघींवर सारखा झाला.) अक्रोडाला ते म्हणाले, मऊ आहे, शिसव नाही. भाजलेल्या मेपलला म्हणाले, जरा करकरीत आहे, शिसव नाही. कागदाला बराच वेळ मान हलवली आणि म्हणाले, सभ्य आवाज आहे, पण हे झाडच वाटत नाही. चौथी वाजवली. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. म्हणाले, "परत वाजव." परत वाजवली. म्हणाले, "हेही शिसव नाही. काहीतरी रानातलं आहे. पण मला आवडलं."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, मास्तर, मागे बघा, ती तुमचीच आहे! मामा, मी इतकी मूर्ख कशी? ते वळले, गिटारकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मी गिटार खाली ठेवली. मग म्हणाले, की एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की आधी कान तयार करा, बोटं मागून येतील. आणि मला माझी स्वतःची गिटार ओळखता येत नाही. मी घाईघाईने म्हटलं, वाजवणारी मी होते, कसं ओळखणार? पण त्यांनी हाताने थांबवलं. गिटार माझ्याकडेच ठेवली, म्हणाले, कर तुला हवं ते, आता काय फरक पडतो. दुसऱ्याच दिवशी शाळेत कळवून टाकलं की कार्यक्रमात वाजवणार नाही, चार शब्द बोलेन फक्त. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी यंत्र लावून सांगितलं की कान उत्तम आहेत, तरुणांना लाजवतील. मास्तर म्हणाले, यंत्राला गिटार कळत नाही. आणि तेव्हापासून ते शिकवायलाही जात नाहीत. मुलं येतात, वर्गाबाहेर थांबतात आणि परत जातात. त्यांच्या बायकोचा काल फोन आला होता. घरात रेडिओसुद्धा लावू देत नाहीत म्हणाली.

तर मामा, मी हात टेकले. सगळे पर्याय करून पाहिले, घरात धूर केला, नवऱ्याच्या भुवया घालवल्या आणि एका भल्या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडवला. तुमचंच खरं. शिसवाशिवाय पट्टी नाही. मी भांडले त्याबद्दल माफी मागते. लेखी मागतेय, फ्रेम करून लावा हवं तर. मामीला नमस्कार, ताईला आठवण सांगा, जावईबापूंना सांगा की घराला वाळवी नाही.

तुमची भाची
(दुकान आता जिच्याकडे आहे आणि जिला ते एकटीला झेपत नाही ती)

ता. क. आमचे हे विचारतात की गुडघ्यासाठी शेकायची पिशवी पाठवू का. ओव्हनच्या प्रकारापासून त्यांना सगळ्यांचीच फार दया येते.

ता. क. २. मामी, घरातली पत्रं तूच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतेस म्हणून सांगते: आता वाचणं थांबव आणि कागद मामांच्या हातात दे. चष्मा सापडत नाही म्हणाले तर शर्टाच्या खिशात बघ. आणि चहा करायला आत जा. ताईलाही घेऊन जा.

गेल्या? आता ऐका. मास्तर गिटार ठेवून गेल्यावर मी पट्टी काढायला घेतली. इस्त्री तापवून वर धरली, सरस मऊ झाला, पातळ सुरी सारत सारत दीड तासाने पट्टी अख्खी सुटून हातात आली. उलटी केली. तुम्ही प्रत्येक पट्टीच्या पोटाला पेन्सिलीने काहीतरी लिहून मगच चिकटवता, हे मला माहीत होतं, पण आजवर एकही काढून बघितली नव्हती. अक्षर तुमचंच. तारीख, आणि खाली: "बाभूळ. शिसव मिळालं नाही. खिळ्यांचं पाणी, तीन हात. मास्तरांना सांगायचं राहिलं."

बाभूळ, मामा! जिची बैलगाडीची चाकं करतात ती! पहिला दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले की तुमचा एप्रन खुंटीवरून काढून कोपऱ्यात फेकला. माझ्या बिचाऱ्या कागदाला नावं ठेवून तुम्ही घर सोडून गेलात, आणि स्वतः बाभळीला गंजक्या खिळ्यांच्या पाण्याने काळं करून एकतीस वर्षं शिसव म्हणून मिरवू दिलंत! मग माझं मलाच हसू आलं, कारण तीस वर्षं तीच पट्टी मी माझ्या हाताने तेल लावून पुसत आले आणि मला कधी शंका आली नाही. बाकीच्या किती पट्ट्यांच्या पोटावर काय काय लिहिलंय ते मी विचारत नाही. पण ती शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि माझा सगळा रागच गेला. तुम्ही फसवायला निघाला नव्हतात. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलात, आणि तोवर मास्तरांनी गावभर शिसव सांगून टाकलं. मग कोणत्या तोंडाने सांगणार? शिसव शिसव म्हणून तुम्ही आमच्यावर इतके ओरडायचात ते आम्हाला ऐकवायला नव्हतंच बहुतेक. एप्रन मी उचलून परत खुंटीला लावला.

ता. क. ३. मास्तर चारही वेळा बरोबर होते. एकदाही चुकले नाहीत. शिसव एकीतही नव्हतं, आणि रानातलं म्हणाले तेही रानातलंच निघालं. असे कान मी आयुष्यात बघितले नाहीत, आणि तो माणूस आज ते गेले म्हणून घरात रेडिओ बंद करून बसलाय. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. चार वेळा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले, कारण गोष्ट तुमची आहे, आणि ती माझ्या तोंडून ऐकली तर त्यांचे कान परत मिळतील पण त्यांच्या मनातले मामा जातील. म्हणून हे सगळं लांबण. मला शिसव नको, माफी नको, काही नको. तुम्ही शनिवारच्या सकाळच्या गाडीने या. बाभळीची फळी आणून ठेवली आहे, चांगली वाळलेली, सरळ रेषांची. खिळेही भिजत घातलेत, पण माझ्या पाण्याने लाकूड शाईसारखं निळं होतंय, ते काय चुकतंय बघा. रविवारच्या कार्यक्रमाला मग आठ दिवस उरतात, आणि तुमचा हात असेल तर पट्टी, पडदे सगळं चार दिवसांत होतं. वाजवायचं की नाही ते मास्तर ठरवतील, पण तुमच्याशी बोलून मग ठरवू देत.

तुम्ही येताय एवढं मी मास्तरांना कळवून बसले आहे. त्यांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, मामांचं तुम्हाला काहीतरी सांगायचं राहिलंय म्हणे.